मृग नक्षत्र लागते तेव्हाच आकाशातला मृग दिसेनासा का होतो?

खडूफळा · ५ एप्रिल

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मी सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. आमच्याकडे पाऊस कमी आणि आकाश मोकळे, त्यामुळे ताऱ्यांची ओळख पुस्तकातल्या चित्रावरून करून देण्यापेक्षा मी मुलांना संध्याकाळी पटांगणातच उभे करते. डिसेंबरात त्यांनी मृग नक्षत्र नीट पाहून ठेवले. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण, उत्तरेच्या अंगाला तीन मंद ताऱ्यांचे इवलेसे डोके, आणि बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवली की भेटणारा, रात्रीच्या ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी असलेला व्याध.

तेव्हापासून मुले दर आठवड्याला मृग कुठे आहे ते पाहतात. परवा सातवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, मृग ७ जूनला लागतो असे आजोबा सांगतात. मग आत्ताच तो मावळतीकडे का चालला आहे? लागतो तेव्हा तो दिसायला नको का?” मी घाईत सांगून टाकले की जूनमध्ये आभाळ ढगांनी भरलेले असते, म्हणून तो दिसत नाही. त्यावर ती म्हणाली, “पण रोहिणी २५ मेला लागते. तेव्हा आपल्याकडे ढग नसतात, तरी रोहिणी कुठे दिसते?” तिचे म्हणणे बरोबर होते आणि माझे उत्तर चूक होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसे मान्य केले आणि त्या दिवसांत सूर्यच त्या ताऱ्यांच्या दिशेला असतो, असे सांगितले. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. “सूर्याच्या मागे मृगच आहे हे कशावरून? कोणी पाहिले आहे का?” असे तिने विचारले.

माझे दोन प्रश्न आहेत. शाळेतल्या साध्या साहित्याने हे मुलांना कसे दाखवावे? आणि ‘कशावरून’ या तिच्या प्रश्नाला, केवळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला न लावता, काय उत्तर द्यावे?

गच्चीवरून · ५ एप्रिल

आधी दाखवण्याविषयी लिहितो. वर्गखोलीच्या मधोमध एका स्टुलावर दिवा ठेवा, तो सूर्य. चारही भिंतींवर नक्षत्रांची नावे लिहिलेले कागद ओळीने लावा, मात्र क्रम वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जाणारा असावा: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग असे पुढे. सत्तावीस कागद लावणे जड वाटले तर एकाआड एक लावले तरी चालतील, पण मृग आणि त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येणारी ज्येष्ठा हे दोन कागद हवेतच. आता एका मुलाला पृथ्वी करा आणि त्याला दिव्याभोवती, त्याच उलट्या दिशेने, सावकाश चालायला सांगा. तो दिव्याकडे तोंड करून उभा राहिला की त्याची दुपार आणि पाठ करून उभा राहिला की त्याची मध्यरात्र.

हा मुलगा दिवा आणि मृगाचा कागद यांच्या मध्ये आला की मध्यरात्री त्याच्या समोर मृग असतो. ही डिसेंबरातली स्थिती झाली. त्या महिन्याच्या मध्याला मृग मध्यरात्रीच्या सुमारास आकाशात सर्वांत उंच असतो. अर्धी फेरी मारून मुलगा दिव्याच्या पलीकडे गेला की मृगाकडे पाहण्यासाठी त्याला दिव्याकडेच पाहावे लागते, आणि दिव्याच्या झगमगाटात मागचा कागद वाचता येत नाही. ही जूनमधली स्थिती. त्या वेळी मध्यरात्री त्याच्या समोर ज्येष्ठा येते, म्हणून जूनच्या रात्री वृश्चिकेचा विंचू आणि त्यातली तांबूस ज्येष्ठा दिसते, पण मृग दिसत नाही. मृग तेव्हाही उगवतो आणि मावळतो, मात्र सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. दिवसा हवेत विखुरलेल्या सूर्यप्रकाशापुढे त्याचे तेज कमी पडते. पंचांगात ‘मृग लागला’ याचा अर्थच मुळी ‘सूर्य मृग नक्षत्राच्या भागात आला’ असा आहे. तुमच्या विद्यार्थिनीला जो विरोध वाटला तो या शब्दामुळे वाटला.

आता ‘कशावरून’. याचे उत्तर मुलांना स्वतःच मिळवता येईल आणि त्यासाठी आत्ताचे दिवस फार सोयीचे आहेत. रोज, किंवा निदान दर चार दिवसांनी, रात्री बरोबर आठ वाजता त्यांनी बाणाचे तीन तारे पश्चिम क्षितिजापासून किती उंच आहेत ते मोजावे. हात सरळ लांब केला की वळलेली मूठ आकाशाचा साधारण १० अंश भाग झाकते; मुठीवर मूठ ठेवत क्षितिजापर्यंत उतरायचे. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर मावळतात, म्हणजे महिन्याला दोन तास. त्यामुळे ठरलेल्या वेळी पाहिले की मृग रोज सुमारे एक अंश खाली आलेला दिसतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो संधिप्रकाशात बुडेल. नंतर साधारण दोन महिने तो दिसणार नाही आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे पाचच्या सुमारास, पूर्व क्षितिजावर पुन्हा दिसू लागेल.

यातून काय सिद्ध होते ते मुलीलाच विचारा. मे महिन्यात मृग सूर्यानंतर मावळतो, म्हणजे तो सूर्याच्या पूर्वेला आहे. जुलैत तो सूर्याआधी उगवतो, म्हणजे तो सूर्याच्या पश्चिमेला आहे. मधल्या दिवसांत सूर्य त्याला ओलांडून गेला असल्याखेरीज हे घडू शकत नाही. एक बारकावा मात्र तिच्यापासून लपवू नये: सूर्य मृगाच्या अंगावरून जात नाही. १५ जूनच्या आसपास तो मृगाच्या डोक्याच्या उत्तरेकडून, सुमारे १३ अंश, म्हणजे सव्वा मूठ अंतर राखून पुढे सरकतो.

ग्रहणवारी · ६ एप्रिल

“कोणी पाहिले आहे का?” या प्रश्नाचे उत्तर ‘हो, पाहिले आहे’ असे आहे आणि ते मुलीला अवश्य सांगा, कारण त्यातली तारीख तिच्या प्रश्नाशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते.

२९ मे १९१९ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञांची दोन पथके त्यासाठी गेली होती, एक पश्चिम आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आर्थर एडिंग्टन यांच्याबरोबर आणि दुसरे ब्राझीलमधल्या सोब्राल गावी. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताप्रमाणे वाकतो का, हे त्यांना तपासायचे होते आणि त्यासाठी सूर्याच्या अगदी शेजारच्या ताऱ्यांची छायाचित्रे हवी होती. आपल्या पंचांगाप्रमाणे २९ मेला सूर्य रोहिणीत असतो, आणि त्या ग्रहणात काळ्या पडलेल्या सूर्यबिंबाभोवती छायाचित्रांत जे तारे उमटले ते रोहिणीच्याच परिसरातले, रोहिणी शकट म्हणून आपण ओळखतो त्या गुच्छातले होते. सोब्रालचे पथक तर जुलैपर्यंत ब्राझीलमध्येच थांबले आणि सूर्य बाजूला सरकल्यावर त्याच ताऱ्यांची पहाटेच्या अंधारात पुन्हा छायाचित्रे घेऊन त्यांनी दोन्हींची तुलना केली. ‘रोहिणी लागते तेव्हा रोहिणी कुठे असते’ याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

ग्रहणाची वाट न पाहताही हे आता दिसू शकते. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेले ‘सोहो’ हे यान आहे. त्याच्यावरच्या एका दुर्बिणीत सूर्यबिंबापुढे कायमची चकती बसवलेली आहे, म्हणजे एक प्रकारचे कृत्रिम ग्रहणच. तिच्या छायाचित्रांत दर वर्षी मे महिन्यात कृत्तिकांचा पुंजका झाकलेल्या सूर्याच्या शेजारून सरकताना दिसतो. ही छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहेत. ११ ते २५ मे हे कृत्तिकांचे दिवस, तेव्हा त्या दिवसांतली चित्रे मुलांना ओळीने दाखवावीत.

मी स्वतः २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास ग्रहण राजस्थानात नीम का थाना येथे पाहिले. खग्रास अवस्था एक मिनिटही टिकली नाही, पण त्या वेळात सकाळचे आकाश संध्याकाळसारखे गडद निळे झाले आणि काळ्या बिंबाच्या एका बाजूला शुक्र लखकन दिसू लागला. तो त्याआधीही तिथेच होता. आमच्या डोळ्यांना तेवढा अंधार मिळायचा होता. मुलांना मात्र बजावून सांगा की हे केवळ खग्रास क्षणांपुरते खरे आहे, आणि एरवी सूर्याच्या आसपास तारे शोधण्यासाठी साध्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीने पाहणे म्हणजे दृष्टी गमावणे होय.

खडूफळा · ९ एप्रिल

दोघांचे मनापासून आभार. दिव्याचा प्रयोग काल केला आणि तो उत्तम समजला, पण त्यातूनच एक नवा प्रश्न उभा राहिला. पृथ्वी झालेला मुलगा फेरी मारून आल्यावर म्हणाला, “मी मृगाच्या भिंतीजवळ गेलो तेव्हा कागद मोठा दिसला आणि लांब गेलो तेव्हा लहान दिसला. शिवाय एका बाजूने पाहताना तो शेजारच्या कागदाला चिकटलेला वाटला. मग खरी पृथ्वी एवढी फिरते, तर खरा मृग लहानमोठा का होत नाही?” पृथ्वीच्या कक्षेचा व्यास सुमारे ३० कोटी किलोमीटर आहे हे पुस्तकात आहे, तेव्हा त्याची शंका मला रास्त वाटते. तारे फार दूर आहेत एवढेच मी सांगितले. ‘फार’ म्हणजे किती, हे त्यांना कळेल असे कसे सांगावे?

फूटपट्टी · १० एप्रिल

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे कौतुक वर्गात जाहीरपणे करा. हाच आक्षेप सोळाव्या शतकात टायको ब्राहे यांनी घेतला होता. त्यांच्या काळात त्यांच्याइतकी अचूक निरीक्षणे कोणाची नव्हती, आणि पृथ्वी फिरत असेल तर ताऱ्यांच्या जागा वर्षभरात बदललेल्या दिसायला हव्यात, तशा त्या दिसत नाहीत, हे पृथ्वी स्थिर मानण्यामागचे त्यांचे एक महत्त्वाचे कारण होते. युक्तिवाद चोख होता. तारे किती दूर असू शकतात याचा अंदाज मात्र चुकला होता.

अंतर सांगून कळत नाही, ते चालावे लागते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तक्त्यांवर सूर्य आणि आठ ग्रह एका कागदावर शेजारी शेजारी काढलेले असतात, आणि तेच चित्र मुलांच्या मनात कायमचे बसते. ते चित्र पुसायचे असेल तर शाळेबाहेरच्या सरळ रस्त्यावर या. प्रमाण असे धरा: १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे आणि यात सूर्यमाला साधारण अर्ध्या किलोमीटरमध्ये मावते.

या प्रमाणात सूर्य १४ सेंटीमीटरचा, एखाद्या पपनसाएवढा होतो. ते पपनस शाळेच्या फाटकाशी ठेवा. सहा मीटरवर बुध, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. अकरा मीटरवर शुक्र आणि पंधरा मीटरवर पृथ्वी, दोघेही राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. पृथ्वीपाशी थोडे थांबा. तिच्यापासून चार सेंटीमीटरवर, दोन बोटांच्या अंतरावर, टाचणीच्या टोकाएवढा चंद्र काढा आणि मुलांना सांगा की माणूस आजवर स्वतः गेला आहे तो फक्त या दोन बोटांइतका. पुढे २३ मीटरवर मंगळ, आणि मग एकदम लांब ७८ मीटरवर गुरू, खेळायच्या गोटीएवढा. शनी १४३ मीटरवर, गोटीहून किंचित लहान. युरेनस २८७ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर, दोघेही मिऱ्याच्या दाण्याएवढे. नेपच्यूनपाशी पोहोचल्यावर मुलांना मागे वळून पपनस शोधायला सांगा. ते कोणालाही दिसणार नाही, आणि एवढ्या मोकळ्या रस्त्यात आपण काय काय ठेवत आलो ते एका मुठीत मावते, हे त्यांच्या आपोआप ध्यानात येईल.

याच रस्त्यावर आणखी दोन गोष्टी दाखवता येतात. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपल्या प्रमाणात सेकंदाला ३ सेंटीमीटर. ही जवळजवळ मुंगीची चाल झाली. पपनसापासून निघालेल्या या मुंगीला राजगिऱ्यापर्यंत पोहोचायला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात, आणि नेपच्यूनपर्यंत जायला चार तासांहून अधिक. दुसरी गोष्ट पृथ्वीच्या चालीची. तिची वर्षाची वाट या प्रमाणात सुमारे ९४ मीटरच्या वर्तुळाची होते, म्हणजे राजगिऱ्याचा दाणा दिवसाला साधारण २६ सेंटीमीटर, मोठ्या माणसाच्या एका वितीहून थोडा अधिक सरकतो. गच्चीवरून यांनी सांगितलेला ‘रोज एक अंश’ तो हाच.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. दिव्याच्या प्रयोगात पृथ्वीची फेरी दोन-तीन मीटरची होती आणि कागदही तेवढ्याच अंतरावर होते, म्हणून ते लहानमोठे दिसले. रस्त्यावरच्या प्रमाणात पृथ्वी सहा महिन्यांत ३० मीटर पलीकडे जाते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तेजस्वी तारा ‘मित्र’ (आल्फा सेंटॉरी) हा ४.४ प्रकाशवर्षे दूर आहे; प्रकाश वर्षभरात जेवढे अंतर जातो ते एक प्रकाशवर्ष. आपल्या प्रमाणात तो माणच्या फाटकापासून सुमारे ४,१०० किलोमीटरवर, सिंगापूरच्याही पलीकडे येतो. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे सुमारे ८,१०० किलोमीटर, लंडनच्याही पुढे. आणि मृगाच्या पायांपैकी सर्वांत तेजस्वी असलेला राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर आहे. तो या प्रमाणात पृथ्वीवर मावतच नाही, आकाशातला खरा चंद्र आपल्यापासून जेवढा दूर आहे त्याच्या दुपटीहून तो लांब जातो. फाटकापाशी ३० मीटर इकडे-तिकडे झाल्याने एवढ्या दूरच्या वस्तूची जागा किती हलणार?

पण हलते, आणि इथे मुलांना हाताने करायचा प्रयोग आहे. अंगठा डोळ्यांसमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. हात लांब केला की हे सरकणे कमी होते. यालाच पराशय म्हणतात. पृथ्वीच्या कक्षेची दोन टोके म्हणजे आपले दोन डोळे. हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचे असे सरकणे फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये मोजले. त्याचा पराशय एका विकलेच्या साधारण एक तृतीयांश आला, आणि एक विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. अडीच सेंटीमीटरचे नाणे सोळा किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढा तो कोन. तो तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकस यांचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला. ताऱ्यांच्या हलण्याचा हा पुरावा हाती यायला त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे लागली. अलीकडे ‘गाया’ या युरोपीय यानाने सुमारे दीडशे कोटी ताऱ्यांचे पराशय मोजले आहेत. तेव्हा त्या मुलाला सांगा की मृगाचा आकार पृथ्वीच्या फिरण्याने खरोखरच बदलतो, फक्त तो बदल दिसायला माणसाच्या डोळ्यांपेक्षा फार सूक्ष्म साधन लागते.

तिथीवार · १२ एप्रिल

वरील उत्तरांत पंचांगाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण मुलीच्या आजोबांचे म्हणणे आणि शाळेतले विज्ञान यांत विरोध नाही, हे तिला कळले पाहिजे असे मला वाटते.

सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वाटेने सरकताना दिसतो तिचे २७ समान भाग केले की प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा (६० कला म्हणजे एक अंश) होतो आणि तो ओलांडायला सूर्याला साडेतेरा दिवस लागतात. २५ मेला रोहिणी, ७ किंवा ८ जूनला मृग, २१ किंवा २२ जूनला आर्द्रा, असे पुढे स्वातीपर्यंत जे पावसाचे हिशेब आपण ऐकतो ते सगळे सूर्याचे आहेत. पंचांगात रोजच्या तिथीपुढे जे नक्षत्र छापलेले असते ते चंद्राचे. चंद्र साधारण रोज एक नक्षत्र ओलांडतो आणि ते त्या रात्री आकाशात पाहता येते. एकाच नावाचे हे दोन हिशेब वेगळे आहेत हे न सांगितल्यामुळे मोठी माणसेही गोंधळतात.

नक्षत्र लागल्यामुळे पाऊस येतो का, हा प्रश्न मुले आज ना उद्या विचारतील. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात सरासरी १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतात, म्हणून सध्याच्या काळात मृग आणि पहिला पाऊस यांची गाठ पडते. पण ऋतू पृथ्वीच्या अक्षाच्या कलण्यामुळे होतात, आणि हा अक्ष स्वतः भोवऱ्याच्या दांडीसारखा सावकाश डोलतो. त्याचे एक आवर्तन सुमारे २५,८०० वर्षांचे आहे. या संपातचलनामुळे ऋतूंच्या मानाने नक्षत्रांच्या तारखा दर ७१ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतात. दोन हजार वर्षांपूर्वी सूर्य मृगात प्रवेश करी तेव्हा ऋतूच्या हिशेबाने मे महिन्याचा दुसरा आठवडा, म्हणजे ऐन उन्हाळा असे. आणखी दोन हजार वर्षांनी तो प्रवेश ५ जुलैच्या सुमारास होईल. पाऊस मृगाच्या ताऱ्यांनी आणला असता तर तोही त्यांच्याबरोबर सरकला असता.

हे सरकणे काळाचे घड्याळ म्हणूनही वापरता येते. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या ग्रंथात, वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची ताऱ्यांमधली जागा, मृगात होता अशा अर्थाच्या वैदिक उल्लेखांवरून त्या साहित्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे इतका मागे नेला होता. त्यांचा निष्कर्ष सर्वांनी स्वीकारला नाही, पण गणिताचा पाया हाच होता. आठवीच्या मुलांना एवढे सांगायला हरकत नाही.

बांधावरून · १४ एप्रिल

मी शिक्षक नाही, शेतकरी आहे. आमच्याकडे मृगाच्या त्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणतात. थंडीत रात्री ज्वारीला पाणी द्यायला गेले की माझे वडील घड्याळ न पाहता तिकांडे कुठे आले ते पाहून बारे मोडायची वेळ सांगत. मी एकदा मार्गशीर्षातला तो हिशेब माघात लावला आणि फार लवकर घरी परतलो, तेव्हा त्यांनी समजावले की तिकांडे महिन्याला दोन तास पुढे पळते, तेवढे वजा करायचे असते. चार मिनिटांचा हिशेब वर वाचला आणि ते आठवले. मुलीने आजोबांना तिकांड्याबद्दल विचारावे, त्यांच्याकडे पुष्कळ सापडेल.

खडूफळा · २९ एप्रिल

परीक्षा उरकून काल आम्ही रस्त्यावर सूर्यमाला मांडली. पपनस आत्ता मिळेना, म्हणून पिवळ्या पुठ्ठ्याची १४ सेंटीमीटरची चकती कापून फाटकाला टांगली. शनीपर्यंत सगळी मुले बडबडत होती. तिथून युरेनसपर्यंत तेवढेच अंतर पुन्हा चालायचे आहे हे कळल्यावर ती गप्प झाली. पृथ्वीचा दाणा कागदावर डिंकाने चिकटवला होता. दिव्याच्या प्रयोगात पृथ्वी झालेला मुलगा तो कागद हातात धरून उभा होता, आणि वाऱ्याने कागद हलला तेव्हा दाणा पडू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताची ओंजळ त्याखाली धरली. सिंगापूरचे अंतर सांगितल्यावर त्याने नकाशा मागून घेतला आणि माणपासून दोऱ्याने मोजून पाहिले.

मुठींची नोंद मुलांनी वहीत ठेवली आहे. ५ एप्रिलला रात्री आठ वाजता बाणाचे तारे क्षितिजापासून साडेचार मुठी वर होते, काल अडीच मुठी. मधले दिवस तेवीस, उतरलेले अंतर साधारण वीस अंश. मुठीने मोजण्यात एवढा फरक पडणारच, हे त्यांनी स्वतःच वहीत लिहिले आहे.

ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तिने आजोबांना तिकांड्याबद्दल विचारले. त्यांना ते नाव ठाऊक होते आणि पहाटे ते पुन्हा कधी दिसू लागते हेही ठाऊक होते. पुष्य लागला की, असे ते म्हणाले. पुष्य १९ किंवा २० जुलैला लागतो. वर गच्चीवरून यांनी जुलैचा तिसरा आठवडा लिहिला आहे, तो तिने त्यांना वाचून दाखवला. जुलैत आमच्या बाजूला ढग असतात पण पाऊस बेताचा, त्यामुळे एखादी पहाट उघडी मिळेल अशी आशा आहे. २० जुलैपासून रोज पहाटे पावणेपाच वाजता उठण्याचे तिने आणि आजोबांनी ठरवले आहे, आणि तिकांडे दिसले की ती मला फोन करणार आहे.